कानाशी हात

परवा बसस्टँडसमोर नानांच्या वाढदिवसाचा बॅनर लागला. वर मोठ्या अक्षरांत 'अजातशत्रू नेतृत्व', खाली शुभेच्छुकांचे लहान लहान चेहरे आणि मधोमध नाना, दोन्ही हात जोडून. भाजीची पिशवी खाली ठेवून मी तो बॅनर सावकाश पाहिला. बाकीचे पुढारी फोटोत बोट दाखवतात, मूठ वळतात, लोकांकडे बघून हात हलवतात. हात न जोडता काढलेला नानांचा फोटो मी आजवर पाहिलेला नाही. जोडलेले हात कुणाच्याच बाजूचे नसतात, हे त्यांना राजकारणात पडल्या दिवसापासून ठाऊक होतं.

बॅनर बांधला होता तो बाजाराच्या इमारतीतल्या तीन नंबरच्या गाळ्यावर. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. त्या गाळ्याकडे बघितलं की माझं डोकं फिरतं, म्हणून मी सहसा पलीकडच्या बाजूनं जाते. त्या दिवशी बॅनर वाचायच्या नादात समोर गेले आणि मग घरी येऊन हे लिहायला बसले.

मी आमच्या नगरपरिषदेत सभा लिपिक होते. गावाचं नाव सांगत नाही. भोकरदनहून जालन्याकडे जाणारी एसटी आमच्याकडे दहा मिनिटं थांबते आणि कंडक्टर उतरून चहा पितो, एवढी खूण पुरे. सभेत कोण काय बोललं, कुठल्या ठरावाला कुणाचा हात वर होता, कुणाचा नव्हता, हे लिहून काढायचं माझं काम. त्याला इतिवृत्त म्हणतात. सभागृहात अध्यक्षांसह सतरा जण. सोळा जणांचं लिहायला मला कधी त्रास झाला नाही. सतरावे नाना.

नाना अपक्ष निवडून यायचे. माझ्या वेळेत तीनदा आले. गोरापान माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला बुक्का. चौकात उभे राहिले की एका दमात 'रामराम, जयभीम, सलामालेकुम' म्हणायचे आणि ज्याला जे पाहिजे ते त्यानं उचलून घ्यायचं. हॉटेलात कुणी विचारलं, नाना, चहा का कॉफी, तर उत्तर ठरलेलं.

"सगळे जे घेऊन राह्यले ते."

एकदा मी मुद्दाम सांगितलं की सगळे काहीच घेत नाहीयेत. नाना पण मग तसेच बसून राहिले. तहान लागलेली दिसत होती, तरी पाणी मागितलं नाही.

लग्नाला गेले तर ना वराकडे बसत ना वधूकडे. मांडवाच्या दारात उभं राहून दोन्हीकडच्यांना अक्षता वाटायचे. दोन भावांत बांधावरून भांडण झालं, तेव्हा गावानं नानांना पंच केलं. सकाळी थोरल्याकडे पिठलं-भाकरी झाली, दुपारी धाकट्याकडे पुरणपोळी, आणि संध्याकाळी नानांनी निकाल दिला की दोघंही बराबर आहेत. ते भांडण अजून कोर्टात आहे. दोन्ही भाऊ मात्र नानांचं नाव आदरानं घेतात.

आता हाताचं सांगते. सभेत मत घ्यायचं म्हटलं की अध्यक्ष म्हणायचे, अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. मग हात वर जायचे. नानांचा हात कानापर्यंत जायचा. तिथं थांबायचा आणि कान खाजवायला लागायचा. मग अध्यक्ष म्हणायचे, प्रतिकूल असतील त्यांनी. तोवर नानांचा हात तिथंच असायचा, फक्त कान बदललेला. बाजूनं असलेल्यांना वाटायचं, नाना आपले. विरोधातल्यांनाही वाटायचं, नाना आपले. मला समोर बसून काय लिहावं तेच कळायचं नाही.

पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा मी नवी होते. त्यांच्या नावापुढची जागा कोरी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्वतः माझ्या टेबलाशी आले. खिशातून दोन मोसंब्या काढून फायलीवर ठेवल्या.

"मळ्यातल्या हैत बाई. गोड हैत का पाहा बरं."

मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "काल तो पाण्याच्या टाकीचा ठराव पास झाला ना? त्याच्यात माझा हात वर होता. लिहिलं असंल तुम्ही बराबर."

मी लिहिलं. खरं बोलायचं तर मला हसू आलं होतं. म्हाताऱ्या माणसाची खोड, कुणाचं काय जातं त्यात, असं म्हणून मी लिहिलं आणि मोसंबी खाल्ली. चांगली गोड होती. पुढे तो शिरस्ताच पडला. सभा झाली की दुसऱ्या दिवशी नाना यायचे, निकाल काय लागला ते विचारायचे आणि आपला हात कुठं होता ते सांगायचे. ठराव मंजूर झाला असेल तर हात वर होता. नामंजूर झाला असेल तर नव्हता. ठराव जेवढा भानगडीचा तेवढ्या मोसंब्या जास्त. हद्दवाढीच्या ठरावाला सहा आल्या होत्या.

"नाना, एकदा तरी हात पुरता वर करा की," असं मी एकदा म्हटलं.

नाना खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "बाई, हात वर केला की काख दिसती. अन् ज्यानं काख पाह्यली तो माणूस तुमाला पुन्हा मत देत न्हाई. म्या आजपोतर एक बी ठराव हारलो न्हाई. काढून पाहा तुमचं दफ्तर."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. आणि ते खरंही होतं. दफ्तर माझ्याच अक्षरातलं होतं.

नानांचं दुसरं वेड म्हणजे सांत्वन. गावात कुणी गेलं की तिरडी बांधायच्या आत नाना हजर. अजून भावकीला फोन लागलेले नसायचे, आणि नाना ओट्यावर बसून रडणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत असायचे. फोटो काढून घ्यायचे, तो तासाभरात सगळ्यांच्या मोबाईलवर. आमच्या वस्तीतही यायचे. आमची वस्ती म्हणजे बुद्धविहाराच्या मागची. तिथं आले की नानांना न चुकता उपास असायचा. चहा नको, उपास आहे. पाणी नको, माझी बाटली आहे. सोमवारी आले तरी उपास, मंगळवारी आले तरी उपास. माझे वडील गेले तेव्हा नाना आले होते आणि मी रडत असतानाही माझ्या मनात आलं की आज बुधवार, आज कुठल्या देवाचा उपास असेल. वडील गेल्याच्या दिवशी माणसाच्या मनात असले हिशेब यावेत, याचा मला राग आहे, आणि तो राग मी नानांच्याच खात्यावर ठेवलाय.

आमच्याच वस्तीतला मिलिंद. माझ्या घरापासून चौथं घर. वेल्डिंगचं काम शिकला, जालन्यात दोन वर्षं एका कारखान्यात राहिला आणि मग एजंटामार्फत परदेशात गेला, वाळवंटातल्या एका देशात, तेलाच्या पाइपलाइनवर. सुट्टीच्या दिवशी बाजारात गेला होता. बायकोला, रेखाला, व्हिडिओ कॉल लावून दुकानातले लेकीच्या मापाचे बूट दाखवत होता. अतिरेक्यांनी त्या बाजारात बॉम्ब उडवला. रेखाच्या हातातला फोन तसाच चालू होता, फक्त चित्र गेलं होतं. पुढे कितीतरी दिवस ती तो फोन कुणाला चार्ज करू द्यायची नाही. का, ते आम्ही विचारलं नाही.

मिलिंदला गावात आणायला वीस दिवस लागले. त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर होतं. दुकानं बंद, शाळेची पोरं ओळीनं उभी, सगळ्या पक्षांचे लोक एकाच ट्रॉलीवर. नाना सगळ्यांच्या पुढे. श्रद्धांजलीच्या भाषणात त्यांचा आवाज भरून आला.

"मिलिंदच्या लेकराला न्याय मिळाल्याबिगर हा नाना सुखानं घास खाणार न्हाई," असं ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रद्धांजलीत टाळ्या वाजवत नाहीत हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता न्याय म्हणजे काय, तेही सांगते. देशात असा हल्ला झाला आणि माणूस गेला तर सरकारकडून घरच्यांना मदत मिळते. रेखानं अर्ज केला. तो वरून परत आला, शेरा मारून, की घटना देशाबाहेरची आहे. आमच्या नगरपरिषदेचा मात्र एक जुना ठराव होता, की गावचा माणूस सीमेवर किंवा अतिरेकी हल्ल्यात गेला तर त्याच्या वारसाला बाजाराच्या इमारतीत एक गाळा द्यायचा. तीन नंबरचा गाळा रिकामा होता. रेखाकडे शिलाईचं मशीन होतं आणि ते दिराच्या पडवीत होतं. दिरानं सांगितलं होतं की पडवीत आता मोटारसायकल लावायची आहे. गाळा मिळाला असता तर रेखा लेकीला घेऊन गावात राहिली असती. नाही मिळाला तर माहेरी केदारखेड्याला, भावाच्या घरात. एवढंच होतं. फार मोठं काही कुणी मागत नव्हतं.

आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकेनं ठराव तयार केला, की देशाबाहेरच्या हल्ल्यात गेलेल्यांनाही हाच नियम लावावा आणि सरकारनंही तशी भरपाई द्यावी अशी शिफारस करावी. ठरावाला अनुमोदक म्हणून एका सदस्याची सही लागते. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी ती नानांकडे गेली आणि नानांनी चक्क सही केली. मला ते कळलं तेव्हा मी दोनदा विचारलं, नक्की नानांचीच का. नंतर उलगडलं. त्या दिवशी सगळं गाव एका बाजूला होतं. नानांना वाटलं, ही बाजू जिंकलेलीच आहे.

पण दीड महिन्यानं सभा भरली तेव्हा वारं फिरलं होतं. तीन नंबरच्या गाळ्यावर अध्यक्षांच्या मेहुण्याचा डोळा होता. उघड तसं कुणी बोलत नव्हतं. उघड बोलले ते असं.

"तो काय देशासाठी मेला का? पैसे कमवायला गेल्ता," एक जण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "उद्या कुणी दुबईत जिन्यावरून पडंल. त्याला बी गाळा देयचा का?"

तिसऱ्यानं तर कमाल केली. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर झालेल्या मृत्यूची जबाबदारी नगरपरिषदेवर कशी येते, असा त्याचा प्रश्न. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. 

मत घेतलं. अनुकूल आठ. प्रतिकूल, अध्यक्ष धरून, आठ. आणि नाना कान खाजवत होते.

सभागृहात तसं कधी झालं नव्हतं. आजवर नानांचा हात कुठंही असला तरी निकालात फरक पडत नव्हता. आज निकालच त्यांच्या हाताशी येऊन थांबला होता. समसमान झालं तर अध्यक्षांना आणखी एक मत असतं आणि ते कुठं पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. नानांनी हात वर केला की गाळा रेखाचा. इतकं ते सोपं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "नाना, हात वर है का खाली?"

"अध्यक्ष महोदय, सभागृहाचं जे मत तेच माझं मत," नाना म्हणाले.

"सभागृहाचं मत तुमच्यापाशी अडकलंय नाना. तुमी बोला."

नानांनी डावीकडे पाहिलं. आठ. उजवीकडे पाहिलं. आठ. असा केविलवाणा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, मिलिंदच्या श्रद्धांजलीतसुद्धा नाही. ठरावाच्या कागदावर त्यांची स्वतःची सही होती आणि तो कागद माझ्यासमोर होता. कान खाजवून खाजवून लाल झाला. आमच्या नगरसेविकेनं हात जोडले, "नाना, तुमीच सही केली ना. करा की वर."

तेव्हा नानांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्याच कानाला लावला. "हां, बोला बोला. आलोच," असं म्हणत ते दाराबाहेर गेले. मोबाईल वाजला नव्हता. सभेत सगळ्यांचे मोबाईल बंद करून माझ्या टेबलावरच्या टोपलीत ठेवायची पद्धत होती, आणि नानांनी त्या दिवशी तो ठेवला नव्हता. मला वाटतं घरून निघतानाच त्यांनी ती सोय केली असावी.

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारायला माणूस पाठवला. नाना व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बोलत उभे होते. मग अध्यक्षांनी आपलं जास्तीचं मत टाकलं. ठराव नामंजूर.

इथवर घाबरट माणूस म्हणून सोडून दिलं असतं. पण नाना तिथून सरळ आमच्या वस्तीत गेले, रेखाच्या दिराच्या ओट्यावर बसले, आणि डोळे पुसत म्हणाले, "म्या हात वर केल्ता बाई. पण लोकायनं घात केला." उपास होताच. पाण्याची बाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. या वेळी खिशात मोसंब्या नव्हत्या, शिपायाच्या हातात पिशवी होती. अख्खी पिशवी.

"ठराव पडला म्हणत्यात," नाना म्हणाले. "तर मंग दफ्तरात माझं विरोधात लिहून टाका. नेमाप्रमाणं."

मी पेन खाली ठेवलं. तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"अन् ती पोरगी नक्कल मागाय येईल. तिच्या नकलेत बाजूनं लिहा. म्हंजी तिच्या बी जिवाला बरं वाटंल. तुमच्याच वस्तीतली है ती."

"नाना, नक्कल म्हणजे दफ्तरात जे असतं तेच असतं."

"ते मला कळतं ओ. पण तुमच्या हातात है ना. इतके वर्सं तुम्हीच तर लिहून राह्यल्या."

हे मला लागलं, कारण खरं होतं. नाना बोलत राहिले. माझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, पेन्शनच्या फायली कुठंही अडकतात, ते आपलं काळजीपोटी सांगून राह्यले. मी पिशवी उचलून त्यांच्या पायाशी ठेवली. एवढीच माझी हिंमत त्या वेळी झाली.

दुपारी रेखा आली. मिलिंदचं आधारकार्ड, मृत्यूचा दाखला, परदेशातले कागद, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. म्हणाली, "मावशी, मला कालच्या सभेची नक्कल पाह्यजे. नानांनी तरी हात वर केला आपल्यासाठी. ती नक्कल घेऊन त्यायला संगं नेते कलेक्टरकडं. मोठा माणूस बोलला तर ऐकत्यात."

मी तिला सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघेना. सतरा माणसांतला एक तरी आपला आहे, यावर ती उभी होती. मी एवढंच म्हटलं की पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झाल्याशिवाय नक्कल मिळत नाही, त्या दिवशी ये आणि स्वतः वाच. ती महिना अखेरीस मशीन टेम्पोत टाकून केदारखेड्याला गेली. गाळ्याची आशा सोडली होती तिनं. नानांची नाही.

पण त्या दुपारी ती टेबलापासून गेल्यावर मी जुनी इतिवृत्तं काढली. पाण्याची टाकी, हद्दवाढ, वाचनालयाची जागा, स्मशानाचा रस्ता. प्रत्येक पानावर नाना जिंकलेल्यांत आणि प्रत्येक पान माझ्या अक्षरात. नाना कान खाजवत होते ते खरं, पण त्यांचा हात कागदावर वर नेला तो मी. मला वाटत होतं मी म्हाताऱ्याची गंमत चालवून घेतेय. स्मशानाचा पक्का रस्ता आमच्या वस्तीला मिळणार होता, तो ठराव पडला, आणि त्यातही नानांचा हात मी खाली लिहिला होता, चार मोसंब्या घेऊन. मला माझीच शरम वाटली. अजून वाटते.

मग मी कालच्या सभेचं लिहायला घेतलं. नानांच्या नावापुढे 'अनुकूल' लिहिलं नाही, 'प्रतिकूल' लिहिलं नाही, 'तटस्थ' पण नाही. तटस्थ राहायलासुद्धा माणसाला तसं सांगावं लागतं. मी लिहिलं, 'मतदानाच्या वेळी ठरावाचे अनुमोदक असलेल्या सन्माननीय सदस्यांचा उजवा हात उजव्या कानाशी होता. अध्यक्षांनी विचारूनही त्यांनी मत सांगितले नाही व मोबाईलवर बोलत ते सभागृहाबाहेर गेले. मोबाईल वाजला नव्हता.'

मुख्याधिकाऱ्यांनी ते वाचलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे कशाला?"

"घडलं ते लिहिलं साहेब."

साहेब नवीन होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सही केली.

इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होतं, म्हणजे ते बरोबर आहे असं सभागृह मान्य करतं. नियमानं ते वाचून दाखवायचं असतं, पण कुणी ऐकत नाही. 'वाचले असे समजण्यात यावे' म्हणून सगळे पुढच्या विषयाकडे वळतात. माझ्या सगळ्या नोकरीत ते असंच 'समजलं' गेलं. त्या दिवशी आमची नगरसेविका उभी राहिली आणि म्हणाली, वाचून दाखवा. रेखा पाहुण्यांच्या बाकावर बसली होती, माझ्या टेबलाला लागूनच. सकाळच्या एसटीनं केदारखेड्याहून आली होती, नक्कल न्यायला. नानांनी तिला बघितलं आणि हात जोडले. तिनंही जोडले.

मी वाचलं. कानाच्या वाक्याला सभागृहात खसखस पिकली. मोबाईलच्या वाक्याला दोन्हीकडचे मोठ्यानं हसले. मी रेखाकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही.

नाना उठले. "हे चुकीचं लिहिलं बाईनं. हे कमी करा."

अध्यक्षांना मजा वाटत होती. मेहुण्याचं काम झालेलंच होतं. ते म्हणाले, "दुरुस्ती सुचवा नाना. कानाशी नव्हता तर हात कुठं होता? वर होता का खाली?"

नाना उभेच. वर होता म्हणावं तर समोर अध्यक्ष. खाली होता म्हणावं तर बाजूला रेखा, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन, त्यांच्याकडे बघत. तिला अजूनही वाटत होतं की ते सांगतील. मी वळले तेव्हा तिच्या तोंडावर तेच होतं. नाना दुरुस्ती न सुचवताच खाली बसले.

अध्यक्ष म्हणाले, "इतिवृत्त कायम करण्यास अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

आमच्या बाजूचे आठ हात वर गेले, कारण त्यांना ते कागदावर राहायला हवं होतं. पलीकडचे आठही गेले, कारण त्यांना गंमत वाटत होती. सोळा हात. नानांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांचा हात उठला, सवयीनं कानाशी आला, तिथं थोडा थांबला. मग त्यांनी पुन्हा एकदा सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली, आणि हात वर गेला. सरळ, पुरता. सदऱ्याची बाही खाली घसरली आणि काखेतला घामाचा पिवळा डाग दिसला. आपला हात कानाशी होता, या वाक्याच्या बाजूनं नानांनी मत दिलं, कारण सगळे त्याच बाजूला होते.

रेखा त्या हाताकडे बघत होती. ओरडली नाही, रडली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, पण सभागृह शांत होतं म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"मावशी, जातो की त्यायचा हात वर."

नाना हात खाली घ्यायचं विसरले. मी मोजणी केली. अनुकूल सतरा. नानांचं नाव मी त्यांना न विचारता लिहिलं.